करंगळीएवढी अंगठी : कोरियातील पहिल्या वाढदिवसाच्या आहेराची गोष्ट

(१) जानेवारी १९९८. दक्षिण कोरियात कडाक्याची थंडी होती, आणि बँकांच्या दारांत रांगा लागल्या होत्या. लोक पैसे काढायला आले नव्हते. घरातले सोने द्यायला आले होते. त्यांच्या पुड्यांत लग्नाच्या अंगठ्या होत्या, साखळ्या होत्या, पदके होती. आणि एक दागिना घरोघरच्या पुड्यांतून पुन्हापुन्हा निघत होता : मोठ्या माणसाच्या करंगळीतही जाणार नाही अशी चिमुकली अंगठी. मूल एक वर्षाचे झाले, त्या दिवशी आप्तमित्रांनी दिलेली. स्नेह्याच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला काय न्यावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. एका देशाने त्याचे उत्तर कसे घडवले आणि एका हिवाळ्यात ते उत्तर कसे वितळवले, त्याचा हा थ्रेड.

(२) कोरियन भाषेत पहिल्या वाढदिवसाला ‘दोल’ म्हणतात. शब्दात ‘एक पूर्ण फेरा’ असा भाव आहे. कोरियात मूल जन्मताच त्याचे वय एक धरण्याची जुनी रीत होती. जन्मदिवसापासून मोजलेले वयच बहुतेक कायदेशीर व्यवहारांत धरावे, असा नियम अगदी अलीकडे, जून २०२३ मध्ये लागू झाला. म्हणजे जुन्या हिशेबाने दोलच्या दिवशी बाळ ‘एक वर्षाचे’ होत नसे. त्याने सगळे ऋतू एकदा पाहिले, फेरा पुरा केला, एवढेच त्या दिवशी जाहीर होई. आणि तेवढे जाहीर करता येणे ही पूर्वी मोठी गोष्ट होती.

(३) देवी, गोवर, ताप, जुलाब यांच्या तडाख्यातून पहिले वर्ष पार पडेलच, याची खात्री ना झोपडीत होती ना राजवाड्यात. म्हणून आनंदही बेताबेताने साजरा होई. आधी शंभरावा दिवस, मग दोल. त्या पहाटे प्रसूतीची आणि बालकांची रक्षणकर्ती ‘सामशिन’ आजी हिच्यापुढे भात आणि समुद्री शेवाळाचे सार ठेवत. मराठी घरांत पाचवीला सटवाई पुजतात, त्यामागची धास्ती आणि कृतज्ञता येथेही तीच आहे. देवतेचे नाव वेगळे, पाळण्याकडे पाहणाऱ्या आईचे डोळे तेच.

(४) राजवाड्याचेच उदाहरण घ्या. जोसोन घराण्याचा राजा जोंगजो याला १७८२ मध्ये पहिला मुलगा झाला. मुन्ह्यो हे त्याचे नाव. त्याला युवराज घोषित करण्यात आले. १७८६ मध्ये गोवराने तो दगावला. त्याच वर्षी त्याची आईही गेली. गादीला वारस उरला नाही. पुढे १७९० मध्ये दुसरा मुलगा जन्मला. हाच पुढचा राजा सुंजो. त्याची दोल १७९१ च्या उन्हाळ्यात आली, तेव्हा त्या उत्सवावर मुन्ह्योच्या मृत्यूची सावली असणारच.

(५) त्या दिवसाची नोंद राजवंशाच्या अधिकृत इतिवृत्तात आहे. चांगग्योंग राजवाड्यातील जिप्बोकह्योन दालनात बाळापुढे नाना वस्तूंनी भरलेली चौरंगी मांडण्यात आली. बाळाने आधी रंगीत धागा उचलला, मग बाण, मग वाद्य. धागा म्हणजे दीर्घायुष्य. एक मूल गमावलेल्या बापाला त्या क्षणी काय वाटले असेल, हे इतिवृत्तकार लिहीत नाहीत. लिहिण्याची गरजही नाही. वाफवलेल्या तांदळाच्या पिठाची ‘त्तोक’ नावाची वडी त्या दिवशी वाटण्यात आली, आणि हे वाटप दरबारापुरते राहिले नाही.

(६) बाळापुढे वस्तू मांडून त्याचा कल पाहण्याच्या या विधीला ‘दोलजाबी’ म्हणतात. त्याचा माग चीनपर्यंत जातो. सहाव्या शतकातील विद्वान यान झीतुई याने आपल्या कुटुंबासाठी लिहिलेल्या उपदेशग्रंथात यांगत्सी नदीच्या दक्षिणेकडील चाल वर्णिली आहे. वर्ष झाले की बाळाला न्हाऊ घालून नवे कपडे चढवत. मुलगा असेल तर धनुष्यबाण, कागद, कुंचला. मुलगी असेल तर कात्री-सुरी, मोजपट्टी, सुईदोरा. शिवाय खाऊ, मौल्यवान वस्तू आणि खेळणी समोर ठेवत. बाळ काय उचलते यावरून ते हावरे होईल की निर्लोभी, शहाणे की मंद, याचा अंदाज बांधत. नातलग जमत, जेवणावळ होई.

(७) भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. आपल्याकडच्या संस्कारग्रंथांत अन्नप्राशनानंतर ‘जीविकापरीक्षा’ सांगितली आहे. पुस्तक, शस्त्र, अवजारे बाळापुढे ठेवायची आणि ते आधी कशाला हात लावते यावरून त्याची उपजीविका ताडायची. एकाने दुसऱ्याचे उचलले, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. एवढे मात्र खरे की बाळ जगेल असा विश्वास वाटू लागला की माणसे लगेच पुढचा प्रश्न विचारतात : जगून ते काय करील?

(८) कोरियातील एका आजोबाने हा प्रश्न लेखणीने विचारून ठेवला आहे. यी मुन-गोन हा विद्वान अधिकारी सोळाव्या शतकातील राजकीय सूडसत्रात हद्दपार झाला. त्याची बहुतेक अपत्ये लहानपणीच गेली होती. वाचलेला मुलगा आजाराने दुबळा झालेला. १५५१ मध्ये नातू जन्मला आणि आजोबांनी त्याच्या संगोपनाची रोजनिशी पद्यरूपात लिहायला घेतली. ‘यांगारोक’ या नावाने ती आज उपलब्ध आहे. नातवाच्या दोलची नोंदही तीत आहे. बाळाने प्रथम कुंचला आणि शाई उचलली. विद्येच्या जोरावर चढलेल्या आणि राजकारणात उद्ध्वस्त झालेल्या घराला याहून मोठा शकुन कोणता?

(९) आता आहेराकडे वळू. त्याची सुरुवात पाहुण्यापासून होत नसे, यजमानापासून होई. दोलच्या दिवशी घरात दोन प्रकारची त्तोक हमखास करत. एक, पांढरीशुभ्र, तांदळाच्या पिठाची, निर्मळ आयुष्यासाठी. दुसरी, ज्वारीच्या पिठाचे गोळे उकडून लाल कडधान्याच्या भरड्यात घोळवलेले. लाल रंगाने अशुभ पळते म्हणून. ज्वारीचा हा मान पाहून सोलापूरकरांना बरे वाटेल. ही त्तोक शेजारीपाजारी वाटत. जितक्या घरी ती पोहोचेल तितके बाळाचे आयुष्य वाढेल, अशी श्रद्धा होती.

(१०) आणि येथे शिष्टाचाराचा मूळ नियम येतो : ज्या भांड्यातून त्तोक आली, ते रिकामे परत करायचे नाही. त्यात धाग्याची गुंडी ठेवायची, मूठभर तांदूळ ठेवायचे, किंवा चार पैसे. मराठी घरांतही शेजारणीचा डबा परत जाताना तळाशी चिमूटभर साखर असते. ‘तुमचे पोचले, आणि आमच्याकडूनही काही आले,’ एवढेच त्यातून सांगायचे असते. दोलचा आहेर हा या परत जाणाऱ्या भांड्याचा विस्तार आहे. कुणी बाळाच्या जगण्याचा आनंद वाटला. त्याला दिलेले ते उत्तर.

(११) जवळचे लोक याहून अधिक आणत : बाळाचे कपडे, चांदीचा चमचा, भाताचा वाडगा. मागे उभी असे ‘पुजो’ नावाची रीत, म्हणजे लग्नकार्यात आणि मर्तिकात परस्परांना हातभार लावण्याची व्यवस्था. कुणी काय दिले याची वही ठेवत आणि त्याच्या घरी प्रसंग आला की तेवढे फेडत. आपल्याकडची आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. अशा वहीत प्रेम आणि हिशेब एकाच ओळीत बसतात. त्यात ढोंग नसते. ज्या गावात बँक नाही, तेथे शेजारी हीच बँक असते.

(१२) सोन्याची अंगठी या रिवाजात ठळकपणे आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, देशाची आर्थिक भरभराट होऊ लागल्यावर. तिला ‘दोल-बांजी’ म्हणतात. ‘बांजी’ म्हणजे अंगठी. तिचे ठरलेले वजन कोरियातील पारंपरिक मापाने एक एकक, म्हणजे ३.७५ ग्रॅम, जुन्या तोळ्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढे. या मापाचे नाव नेमके मराठी ‘दोन’सारखे ऐकू येते. घोटाळा टळावा म्हणून पुढे ते ‘डोन’ असे लिहिले आहे. शुद्ध सोने, एक डोन, छोट्या डबीत. मित्राच्या घरी न्यायच्या भेटीचा प्रश्न एका पिढीपुरता सुटला.

(१३) तो का सुटला, हे पाहण्यासारखे आहे. कपडे सहा महिन्यांत अपुरे पडतात, खेळणी मोडतात. सोने टिकते. सगळ्यांनी एकच वजन आणले की कुणाचे जास्त, कुणाचे कमी असा प्रश्न उरत नाही. परतफेडही सोपी होते : आज एक डोन घेतले, उद्या त्यांच्या बाळाला एक डोन द्यायचे. मधल्या काळात भाव कितीही चढो, वजन तेच राहते. महागाईच्या काळात रोख रकमेला ही सोय नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे : घरातील बाईच्या खणात अडीनडीला मोडता येईल अशी पुंजी, बाळाच्या नावाने का होईना, आपोआप जमत जाई.

(१४) दागिना आणि देश यांचे नाते कोरियात त्याआधीही एकदा जुळले होते. १९०७ मध्ये जपानकडून लादल्या गेलेल्या १ कोटी ३० लाख वॉनच्या कर्जातून देश सोडवण्यासाठी देगू शहरातून चळवळ उभी राहिली. पुरुषांनी तीन महिने तंबाखू सोडून ते पैसे द्यावेत, असे आवाहन होते. स्त्रियांनी पाहिले की आपल्याला यात जागाच नाही. त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या आणि अंगावरचे दागिने उतरवून दिले. चळवळ दडपली गेली आणि १९१० मध्ये देशच गिळंकृत झाला. पण आठवण उरली. या चळवळीची कागदपत्रे २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाली.

(१५) नव्वद वर्षांनी पुन्हा कर्ज दारात आले. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात वॉन कोसळला, परकीय गंगाजळी आटली. ३ डिसेंबर १९९७ रोजी दक्षिण कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. कंपन्या बुडाल्या, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आजही कोरियन माणूस त्या काळाला नुसते ‘आयएमएफ’ म्हणतो. आपल्याकडे बाहत्तरचा दुष्काळ नुसत्या ‘बाहत्तर’ या आकड्याने ओळखतात, तसे.

(१६) १९९८ उजाडताच सोने गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. दूरचित्रवाणीवर आवाहने झाली, बँकांत तराजू लागले. सुमारे ३५ लाख लोक सहभागी झाले आणि सुमारे २२७ टन सोने जमले. डोनमध्ये मोजले तर सहा कोटींहून अधिक. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेचार कोटींच्या थोडी वर. म्हणजे माणशी एका डोनाहून जास्त. ते वितळवून विटा केल्या, परदेशात विकल्या आणि दोन अब्ज डॉलरांच्या वर रक्कम उभी केली. एकूण संकटाच्या मानाने ती लहान होती. पण नाणेनिधीचे कर्ज ऑगस्ट २००१ मध्ये, मुदतीच्या तीन वर्षे आधी फिटले, तेव्हा लोकांना आठवल्या त्या जानेवारीतल्या रांगा.

(१७) या कथेला एक अवघड बाजू आहे. बहुतेकांनी सोने दान केले नाही. पावती घेतली आणि पुढे वॉनमध्ये मोबदला मिळाला. पण सोन्याचा जागतिक भाव त्या काळात पडलेला होता. ज्यांनी तेव्हा दिले, त्यांना तेवढेच सोने पुढे कित्येक पटींनी महाग पडले. शिवाय दोल-बांजी कुणाची? दिली बाळाला, ठेवली आईने, आणि वितळली देशासाठी. ज्याच्या नावाने ती आली, त्याला कुणी विचारले नव्हते, विचारताही आले नसते. अशा मुलांच्या हाती मोठेपणी अंगठीऐवजी एक गोष्ट तेवढी आली. काहींना तिचा अभिमान वाटतो, काहींना चुटपुट. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

(१८) भारतीय वाचकाला येथे १९९१ आठवेल. तेव्हा भारताने परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेच्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण पाठवले होते. ते सरकारी तिजोरीतले सोने होते, आणि तरीही देश हळहळला. कोरियात गेले ते घरांतले. फरक लहान नाही : एका ठिकाणी राज्याने आपला साठा गहाण टाकला, दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांच्या मुलांना दिलेले आहेर एकत्र झाले.

(१९) त्यानंतर सोने चढतच गेले. शतकाच्या आरंभी एका डोनला सुमारे पन्नास हजार वॉन पडत. २०२५ मध्ये भाव पाच लाखांच्या बराच पुढे गेला. शिष्टाचार मात्र तितक्या वेगाने बदलत नाही. दरम्यान २००७ मध्ये सरकारने मेट्रिक मापांची सक्ती करून व्यवहारात ‘डोन’ वापरण्यास मनाई केली. पुढे सराफांनी एक ग्रॅमची दोल-बांजी आणली. वजन चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक, डबी मात्र तशीच. ज्यांना पूर्वी एक डोन मिळाले होते, त्यांनी एक ग्रॅम परत करावे का? वजनाची बरोबरी हाच ज्या रिवाजाचा कणा, त्याला हा प्रश्न झोंबणारच.

(२०) कायद्यानेही हात घातला. सप्टेंबर २०१६ मध्ये लाचलुचपत रोखणारा कडक कायदा लागू झाला. तो माजी न्यायमूर्ती किम योंग-रान यांच्या नावाने ओळखला जातो. सरकारी अधिकारी, शिक्षक, पत्रकार यांनी कामाशी संबंध असलेल्यांकडून काय घ्यावे याला मर्यादा आल्या. लग्न आणि मर्तिक यांच्या आहेरासाठी स्वतंत्र सवलत ठेवली. दोल त्या सवलतीत धरली नाही. म्हणून बाळाच्या वाढदिवसाची भेट साध्या भेटवस्तूच्या मर्यादेत, तेव्हाच्या पन्नास हजार वॉनमध्ये बसवावी लागे. त्या रकमेत अंगठी येत नाही. मैत्री कोठे संपते आणि लाच कोठे सुरू होते, हे ठरवण्याचे काम सोन्याच्या डबीवर येऊन पडले.

(२१) आज बहुतेक ओळखीचे लोक पाकिटात रोख रक्कम देतात. आकडा शक्यतो तीस, पन्नास किंवा सत्तर हजार. विषम अंक शुभ मानतात. आपण पाकिटात एक रुपया वर ठेवतो, त्याचीच ही भावंडे. यजमान पाहुण्यांना टॉवेल, साबण, त्तोक अशी परतभेट देतात. भांडे अजूनही रिकामे जात नाही. चौरंगीवर आता स्टेथोस्कोप, न्यायाधीशाचा हातोडा आणि मायक्रोफोनही असतात. आणि अनेक घरे केवळ आजीआजोबांना बोलावून दोल करतात, स्नेह्यांवर भार नको म्हणून.

(२२) या काटकसरीमागे आणखी एक आकडा आहे. १९७० च्या सुमारास दक्षिण कोरियात वर्षाला सुमारे दहा लाख बाळे जन्मत. २०२३ मध्ये सुमारे २ लाख ३० हजार. आज जवळजवळ प्रत्येक बाळ दोलपर्यंत पोहोचते, पण बाळेच थोडी आहेत. ज्याला मूल नाही आणि होणारही नाही, त्याने दिलेला आहेर त्याच्याकडे परत येण्याची वाट उरत नाही. फेडीच्या भरवशावर उभी असलेली वही तेथे थांबते. जुनी भीती ‘मूल जगेल का’ ही होती. नवी चिंता ‘देणाऱ्याच्या घरी आपल्याला कधी जाता येईल का’ ही आहे.

(२३) एवढा इतिहास पाहिल्यावर भेटीचा प्रश्न थोडा हलका होतो. अंगठी हा या रिवाजाचा मोजक्या दशकांचा अध्याय आहे. त्याआधी शतकानुशतके भांड्यात तांदूळ होते आणि धागा होता. राजपुत्राने भरल्या चौरंगीवरून आधी उचलला तोही धागाच. तो सर्वांत स्वस्त होता, म्हणून कुणालाही देता येई, आणि त्याचा अर्थ एकच होता : हे मूल दीर्घायुषी होवो. ज्या भेटीतून तेवढे पोहोचते ती शिष्टाचाराला धरून आहे, मग तिचे वजन एक डोन असो, एक ग्रॅम असो वा धाग्याच्या गुंडीएवढे.

(समाप्त)